वाघाचा पंजा, क्रौंचाची चोच आणि मनगटाचा कोन

धोबीपछाड मारणारा पैलवान धोबी होत नसतो. वस्तादाला फक्त एक चित्र हवं असतं: ओला कपडा खांद्यावरून घेऊन दगडावर आपटतात, तसा समोरचा गडी पाठीवरून घेऊन खाली. नाव ऐकलं की कंबर कुठे घालायची, हात कुठून ओढायचा, हे पोराच्या अंगाला आठवतं. चिनी युद्धकलांमधले वाघ, साप, क्रौंच, माकड बहुतेक वेळा हेच काम करतात. सिनेमात दिसणारं गुरगुरणं, डोळे वटारणं, जीभ लवलवणं हा प्रेक्षकांसाठीचा मसाला.

गोंधळ होतो तो या खुणा दोन निराळ्या कामांना वापरल्या जातात म्हणून. काही घराण्यांत प्राणी हाताचा आकार सांगतो, म्हणजे बोटं कशी ठेवायची आणि हाताच्या कुठल्या भागाने मारायचं. काही घराण्यांत तो जोर शरीरात कुठून आणायचा ते सांगतो आणि हात साधी मूठ किंवा साधा तळवाच राहतो. चिनीत आकाराला 'शिंग' म्हणतात आणि मनातल्या हेतूला 'यी'. प्राण्यांच्या नावाने चालणाऱ्या प्रकारांना 'शिआंगशिंग-छुआन', म्हणजे नकलेचं मुष्टियुद्ध, असं सरसकट नाव आहे. पण या एका डब्यात फार वेगवेगळे प्रवासी बसलेले आहेत.

एकच पक्षी, तीन पद्धती

क्रौंचाचंच घ्या. मराठीत त्याला सर्रास 'बगळा' म्हणून टाकतात, ते चूक आहे. बगळा पाण्यात थिजून उभा राहतो. क्रौंच पंख झटकतो, उड्या मारतो, जोडीने नाचतो, आणि युद्धकलेला त्याचं हेच अंग हवं होतं.

ग्वांगदोंग प्रांतातल्या हुंग गार घराण्यात क्रौंच म्हणजे चोच आणि एक पाय. पाचही बोटांची टोकं एकत्र आणून चोच करतात, मनगट खाली वाकवतात. उचललेला पाय शोभेसाठी नसतो. समोरच्याची खालची लाथ त्याखालून निघून जाते आणि तोच पाय लाथेसाठी तयार असतो. या घराण्याचा 'फू हॉक', म्हणजे वाघ आणि क्रौंच, हा एकामागून एक ठरलेल्या हालचालींचा क्रम प्रसिद्ध आहे. तो आज ज्या रूपात शिकवतात ते घडवण्याचं श्रेय वाँग फेई-हुंग (1847–1925) याला दिलं जातं. वाघ सरळ आत घुसतो, क्रौंच बाजूला सरकून वरून टोचतो. दोन विरुद्ध सवयी एकाच अंगात बसवायच्या, हा त्या क्रमाचा सगळा हेतू.

शेजारच्या फूजियान प्रांतात, योंगछुनचा पांढरा क्रौंच या हुंग गारच्या क्रौंचाला ओळखही दाखवणार नाही. दंतकथेप्रमाणे फांग छीन्यांग नावाच्या मुलीने एका क्रौंचाला काठीने हाकलायचा प्रयत्न केला आणि पक्ष्याने प्रत्येक वार चुकवला. पण इथलं खरं शिक्षण चुकवण्याचं नाही, झटक्याचं आहे. कोपरं बरगड्यांजवळ, खांदे सैल, अंतर जेमतेम एका हाताचं, आणि जोर येतो तो भिजलेला पक्षी अंग झटकून पाणी उडवतो तसा: पाठीतून सुरू होऊन बोटांपर्यंत पोचणारा एक आखूड हिसका. या घराण्याचा पाया म्हणजे 'सान्झान' नावाचा क्रम. ओकिनावाचा हिगाओन्ना कानर्यो (1853–1915) फूजियानच्या फूझोउ शहरात शिकून परतला आणि त्या परंपरेतून पुढे गोजू-र्यू कराटे उभं राहिलं. तिथे या क्रमाचं नाव 'सांचिन' आहे. मुंबई-पुण्याच्या गोजू-र्यू वर्गात सांचिन करणारी मुलं नकळत त्या पांढऱ्या क्रौंचाच्या नात्यातली आहेत. त्यात चोच कुठेही नाही, पंखही नाहीत.

तिसरा क्रौंच तिबेटी म्हणवतो, जरी तो वाढला ग्वांगदोंग आणि हाँगकाँगमध्ये. याचे हात लांब, पूर्ण उघडलेले. कंबर फेकून खांद्यापासून गोल फिरणारे ठोसे. म्हणजे योंगछुनच्या अगदी उलट. 17 जानेवारी 1954 रोजी मकावमध्ये या घराण्याचा चान हाक-फू आणि ताई-चीचा वू गोंग-यी यांची जाहीर लढत झाली आणि ती चित्रित झाली. नाकातून रक्त आलं, दुसऱ्या फेरीत पंचांनी लढत थांबवली, कोणालाच विजयी ठरवलं नाही. ती फीत पाहणाऱ्यांची बहुधा निराशा होते, कारण त्यात पक्षी शोधला तर सापडत नाही. दिसतात ते दुरून भिरभिरत येणारे हात. पण या घराण्याचा क्रौंच तोच आहे: पंखाचा पल्ला, चोचीचा नेम नव्हे.

तेव्हा कोणी 'मी क्रेन शैली शिकतो' म्हटलं तर पुढचा प्रश्न हवा: कुठली?

हात नीट बघू

एक प्रयोग आत्ता करून पाहा. मनगट किंचित मागे वळवून मूठ आवळा. मग मनगट पूर्ण आत, खाली वाकवून पुन्हा आवळा. दुसऱ्या वेळी बोटांत जोरच उरत नाही. कोणी हातातली किल्ली सहज काढून घेईल. बोटं मिटवणारे स्नायू कोपराच्या बाजूला असतात आणि त्यांच्या दोऱ्या मनगटावरून बोटांत जातात. मनगट आत वाकलं की त्या दोऱ्या ढिल्या पडतात. प्राण्यांच्या हातांचे बहुतेक नियम आणि बहुतेक चुका या एका गोष्टीतून निघतात.

वाघाच्या पंजात मनगट मागे असतं, म्हणून त्याची पकड मजबूत. बोटं पसरलेली, प्रत्येक पेर वाकलेलं, तळव्याचा मनगटाकडचा भाग, म्हणजे हाताची टाच, पुढे आलेला. मारायचं त्या टाचेने, हनुवटीवर किंवा छातीवर. बोटांचं काम त्यानंतरचं: चेहऱ्यावरून ओढणं, नाहीतर दंड, मनगट, कपडा धरणं. नवशिका बोटंच पुढे करून मारतो आणि समोरच्याच्या कपाळावर बोट उलटं वळतं. दुसरी चूक अशी की पंजा सुरुवातीपासूनच ताठ ठेवायचा. बोटं ताठ म्हणजे कोपराखालचा हात ताठ, आणि ताठ हात सावकाश चालतो. हात सैल निघाला पाहिजे आणि लागायच्या क्षणी आवळला पाहिजे. हुंग गारमध्ये कोपरापासून मनगटापर्यंतच्या हाताला 'पूल' म्हणतात, कारण समोरच्यापर्यंत पोचायचा रस्ता तोच. पंजा कितीही देखणा असला तरी कोपर बाहेर फाकलं की पूल कोसळतो: जोर खांद्यातच अडकतो आणि पायातून आलेलं काहीच पुढे जात नाही.

चोचीत मनगट आत वाकलेलं असतं, म्हणून तिने धरायचं नाही. डोळा, कानशील अशा ठिकाणी टोचायचं, किंवा वाकलेल्या मनगटाच्या वरच्या उंचवट्याने खालून हनुवटीला मारायचं, आलेला हात उडवायचा. हा दुसरा उपयोग कमी दिसतो, पण कामाचा जास्त आहे. टोचताना सगळा भार मधल्या लांब बोटावर येतो; बाकीची बोटं त्याला चारी बाजूंनी घट्ट टेकलेली नसतील तर ते एकटंच सापडतं.

बिबट्याच्या मुठीत बोटं अर्धीच मिटतात: टोकं तळव्याच्या वरच्या कडेला टेकलेली, मधल्या सांध्यांची रांग पुढे. साध्या मुठीपेक्षा ही अरुंद, म्हणून गळा, काख, बरगड्यांमधली फट अशा चिंचोळ्या जागी घुसते. डोक्याच्या हाडावर हीच मूठ मारली तर मोडतं ते आपलं बोट. मनगट किंवा बोटं एका रेषेत नसतील तर मऊ जागीही मुरगळते.

सापाच्या हातात बोटं जुळवलेली, अंगठा आत दुमडलेला. पाहायला सोपा, पण बोटं पूर्ण सरळ ताणली तर आघाताने मागे वळतात आणि मधल्या सांध्याच्या तळव्याकडच्या बाजूला इजा होते. प्रत्येक सांध्यात नावापुरता वाक ठेवायचा. शिवाय सापाचं खरं कौशल्य टोकात नसून सरपटण्यात आहे: समोरच्याच्या हाताला आपला हात चिकटवून, न सुटता, त्याच्यावरून वळसा घेत आत जायचं.

आणि ड्रॅगन? तो कोणी पाहिलेलाच नाही, त्यामुळे त्याच्या नावावर काहीही खपवता येतं. चांगल्या घराण्यांत तो धडाचा पीळ आणि श्वास यांच्यासाठी राखून ठेवलेला असतो. 1915 मध्ये छापलेल्या शाओलिनविषयीच्या एका पुस्तकात पाचही प्राण्यांची वाटणी दिली आहे: ड्रॅगन चैतन्य घडवतो, वाघ हाडं, बिबट्या बळ, साप श्वास, क्रौंच सत्त्व. वाक्य सुरेख आहे, भिंतीवर लावावं असं. पण उद्या सकाळी सरावाला उभं राहिल्यावर त्यातून कोपर कुठे ठेवायचं ते कळत नाही.

कीटकाचे हात, माकडाचे पाय

उत्तरेकडच्या शान्दोंग प्रांतातलं थांगलांग घराणं प्रार्थनाकीटकाचं, म्हणजे मॅन्टिसचं. कथा अशी की वांग लांग नावाच्या लढवय्याने या कीटकाला सिकाडा नावाचा किडा पकडताना पाहिलं, काडीने डिवचून त्याचे हात अभ्यासले, पण त्याची चाल संथ वाटली म्हणून पाय माकडाचे घेतले. कथा खरी असो-नसो, ती प्रामाणिक आहे: नक्कल पुरत नाही हे ती स्वतःच सांगते.

या घराण्याची खूण म्हणजे आकडी. मनगट खाली वाकलेलं, तर्जनी आणि अंगठा पुढे, बाकीची बोटं आत. ठेवण शाखेनुसार बदलते. वरचा मनगटाचा प्रयोग आठवला तर लगेच शंका येईल: वाकलेल्या मनगटाने धरणार कसं? धरायचं नसतंच. आकडी फक्त अडकवते, धरायचं काम दुसऱ्या हाताचं. 'गोउ, लोउ, त्साय' हा या घराण्याचा रोजचा घास. अर्थ अडकव, ओढून घे, तोडून काढ. झाडावरचं फळ फांदी वाकवून खुडतात ना, तसं.

समोरच्याचा उजवा ठोसा येतोय असं धरा. तुमच्या उजव्या मनगटाची आकडी त्याच्या मनगटाला बाहेरून लागते आणि ठोसा रेषेवरून बोटभर सरकवते, जास्त नको. त्याच ठोक्याला डावा हात त्याच्या कोपराच्या जरा वर बसतो. या हाताचं मनगट सरळ, म्हणून पकड पक्की. आता डावा हात आपल्या कमरेकडे खाली हिसकतो आणि मोकळा झालेला उजवा हात ठोसा बनून चेहऱ्यावर जातो. त्याचं डोकं हिसक्याने पुढे येत असतं, तुमची मूठ समोरून येते. पाय याच वेळी पुढे: टाच जमिनीवर, चवडा उचललेला, वजन मागच्या पायावर. पुढची टाच त्याच्या घोट्यामागे अडकली तर तो मागे पाय घेऊ शकत नाही. या उभं राहण्याला 'सप्ततारा' म्हणतात आणि एका मोठ्या शाखेचं नावही तेच आहे.

हे फसतं कुठे? पहिलं म्हणजे आकडीनेच ओढायचा मोह. मनगट निसटतं आणि समोरच्याचा ठोसा तसाच पुढे येतो. दुसरं, तिन्ही हालचाली एक-दोन-तीन अशा सुट्या करणं. समोरचा हात परत ओढून घेतो तेवढ्यात डावा हात हवेत बंद होतो. अडकवणं आणि ओढणं यांच्यात फट नको. तिसरं, हिसका आडवा मारणं. आडव्या ओढीने समोरचा फिरतो आणि त्याचं दुसरं कोपर तुमच्या तोंडावर येतं; खाली तिरकं ओढलं तर त्याचा खांदा झुकतो आणि दुसरा हात लांब जातो.

दक्षिणेत हक्का लोकांमध्ये चाललेलं 'दक्षिणी मॅन्टिस' हे वेगळंच घराणं आहे. त्याचं या घराण्याशी नावापलीकडे नातं जोडता येत नाही.

जिथे प्राणी दिसत नाही

शांशी आणि हेबेई प्रांतांतलं शिंगयी-छुआन दुसऱ्या टोकाला बसतं. यात बारा प्राणी आहेत: ड्रॅगन, वाघ, माकड, घोडा, मगर, कोंबडा, ससाणा, पाकोळी, साप, 'थाय' नावाचा पक्षी, गरुड आणि अस्वल. हेनानच्या जुन्या शाखेत दहाच. बघणाऱ्याला मात्र एक माणूस तुरुतुरु पुढे जातो आणि थांबतो, एवढंच दिसतं. वाघ म्हणजे दोन्ही तळवे एकदम पुढे, तिरकं पाऊल टाकून, मागच्या पायाने जमीन ढकलत. ससाणा म्हणजे दाट रानात शिरणाऱ्या पक्ष्यासारखं अंग आडवं करून फटीतून निघणं. मगर ही यांगत्से खोऱ्यातली, जेमतेम दोन मीटरची. तिच्याकडून घेतलाय तो कमरेचा डावा-उजवा तरंगता हेलकावा, ज्यात हात नुसते कमरेमागून वाहत जातात.

सगळ्यात गंमत म्हणजे यातलं साधं उभं राहणं. कोंबड्याचे पाय, ड्रॅगनचं धड, अस्वलाचे खांदे, गरुडाचे पंजे, असं त्याचं जुनं वर्णन. कोंबड्याचे पाय म्हणजे वजन मुख्यतः मागच्या पायावर, साठ-सत्तर टक्के, आणि चालताना गुडघे एकमेकांजवळून जाणारे. ड्रॅगनचं धड म्हणजे घोटा, गुडघा, कंबर यांत दुमडलेलं, सुटायला तयार. अस्वलाचे खांदे गोल उतरलेले, मान मात्र ताठ. गरुडाचा पंजा म्हणजे बोटं हलकी वाकलेली, ताणलेली नाहीत. चार जनावरं एका माणसात उभी आहेत आणि त्यांपैकी एकाचीही नक्कल चाललेली नाही. नवा विद्यार्थी हे दोन-तीन मिनिटं धरतो तेव्हा मागची मांडी थरथरायला लागते. मग तो हळूच वजन मध्ये आणतो, आणि पुढचं पाऊल आता चटकन उचलता येत नाही. शिक्षक नेमका तेव्हा पुढच्या पायाला चवड्याने ढकलून बघतो.

किती जुनं?

प्राण्यांच्या नावाचे व्यायाम नक्कीच फार जुने. चांगशाजवळच्या मावांगदुई इथे इसवीसनपूर्व 168 मध्ये बंद केलेल्या थडग्यात, 1973 च्या उत्खननात, व्यायामाच्या 44 आकृत्यांचा रंगीत रेशमी पट सापडला. त्यात अस्वलासारखं चालणं आहे. वैद्य हुआ थुओ याने वाघ, हरीण, अस्वल, वानर आणि पक्षी असे पाच खेळ सांगितले, अशी नोंद तिसऱ्या शतकातल्या इतिहासात आहे. पण हे आरोग्यासाठी होतं. तालमीत हनुमान दंड, वृश्चिक दंड मारतात ते जसे डाव नव्हेत, तसंच.

लढाईच्या बाजूने सेनापती छी जिग्वांग याने सोळाव्या शतकात आपल्या काळच्या मुष्टियुद्धांची यादी दिली. तीत माकड-मुष्टी आहे आणि 'गरुडपंजा वांग' या टोपणनावाचा पकडीत तरबेज माणूस आहे. शाओलिनच्या मठातून पाच प्राणी निघाले, ही कहाणी त्या मानाने फार अलीकडे छापली गेली. इतिहासकार थांग हाओ याने 1930 मध्येच शाओलिनच्या अशा कहाण्यांची चिरफाड केली. तरी दर पिढीला ती नव्याने सांगितली जाते, कारण वर्गाच्या जाहिरातीला ती बरी पडते.

बोटं घडवताना बिघडतात ती कशी

पंजा मारायचा तर बोटं तयार हवीत. गरुडपंजाची जुनी रीत: रुंद तोंडाचा मातीचा रिकामा घडा पाच बोटांनी कडेला धरून उचलायचा, सवय झाली की आत थोडी थोडी वाळू टाकत जायचं. तळव्यासाठी हिरवे मूग भरलेली जाड कापडाची पिशवी. त्यावर हात नुसता पडू द्यायचा, ताकद लावून मारायचा नाही. मुगानंतर बारीक खडी, मग लोखंडी छरे.

घाई इथेच नडते. स्नायू काही आठवड्यांत बळकट होतात, पण बोटांच्या दोऱ्या आणि त्यांना हाडाशी धरून ठेवणारे पट्टे कित्येक महिने घेतात. त्यामुळे घडा उचलता येतो म्हणून वाळू वाढवली की अनामिकेच्या मुळाशी दुखायला लागतं. दुखणं सकाळी बोट मिटताना जाणवत असेल तर एक पायरी मागे जायचं. मिटण्याइतकाच उघडण्याचा सराव हवा. धान्याच्या डब्यात हात खुपसून बोटं फाकवणं त्यासाठी पुरतं. बोटांवरचे दंड आधी भिंतीला टेकून, मग टेबलाला, शेवटी जमिनीवर. वाढत्या वयातल्या मुलांना यातलं काहीही देऊ नये. त्यांच्या बोटांतली वाढीची कूर्चा अजून मऊ असते. जुन्या काळी शिकवणारा आणि हाडवैद्य एकच असायचा. वाँग फेई-हुंगचा ग्वांगझोउमध्ये 'पो ची लाम' नावाचा दवाखाना होता आणि सरावानंतर चोळायचं जडीबुटीचं दारूतलं औषध, 'दित दा जाव', हा शिक्षणाचाच भाग होता.

आजच्या सान्दा, म्हणजे ठोसे-लाथांच्या चिनी लढतीच्या, सामन्यात हातमोजे असतात आणि मोज्यात बोटं मिटलेली. तिथे वाघाचा पंजा, चोच, सापाचं टोक, सगळं बाद. मॅन्टिसची आकडी अर्धी टिकते: मनगटाने ठोसा सरकवता येतो, पण 'लोउ' करायला बोटंच नाहीत, म्हणून ओढण्याऐवजी कोपर दाबून धरावं लागतं. मगरीचा कमरेचा हेलकावा मात्र मोज्यातही जसाच्या तसा चालतो.